मॅकार्थी रोडवर दर वर्षी पंक्चर? खिळ्याला शिव्या देण्याआधी भोक बघा

आमची अडचण सांगायला सोपी होती. अलास्कात मॅकार्थी रोडने हिमनदी बघायला निघालो की चाक बसायचं. सलग तीन उन्हाळे हेच झालं. दर वेळी चाक वेगळं होतं, मध्ये एकदा चारही टायर नवे घातले, आणि तिन्ही वेळा मी छातीठोकपणे एकच निदान केलं: रेल्वेचा खिळा. त्या तीनपैकी एकच निदान बरोबर निघालं. उरलेल्या दोन वेळा चूक माझीच होती, पण ती कळायला मला सांगलीहून बाबांना आणावं लागलं.

या रस्त्याबद्दल विचारलं की दहातले नऊ जण ‘खिळे असतात, जपून जा’ एवढंच सांगतात. जपून म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगत नाही. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी रस्ता

अँकरेजहून ग्लेन हायवेने पूर्वेला ग्लेनालेन, तिथून रिचर्डसन हायवेने थोडं दक्षिणेला, मग एजर्टन हायवेने चिट्ना. (लिहितात चिटिना, पण मधली वेलांटी उच्चारात गिळून टाकायची. ‘चिटिना’ म्हटलं की आपण पाहुणे आहोत हे पेट्रोल भरणाऱ्यालाही कळतं.) इथवर सुमारे ४०० किलोमीटर चांगला डांबरी रस्ता आहे. चिट्नाच्या पुढे खडक फोडून केलेल्या एका अरुंद खिंडीतून गाडी घातली की मॅकार्थी रोड सुरू होतो. साठ मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, आणि बहुतेक सगळी खडी. टोकाला केनिकॉट नदी आडवी येते. तिच्यावर पाहुण्यांसाठी फक्त पायी जायचा पूल आहे. गाडी अलीकडे लावायची, पूल ओलांडायचा, पुढे मॅकार्थी नावाचं इवलंसं गाव, आणि त्याच्याही पुढे सात-आठ किलोमीटरवर केनेकॉटची जुनी तांब्याची खाण. खाणीपासून दोन मैल चाललं की रूट हिमनदीच्या बर्फावर पाय ठेवता येतो. हा सगळा भाग रँगल–सेंट एलायस राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८० साली झालेलं हे अमेरिकेतलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या पावणेदोनपट.

अलास्का म्हटलं की आपल्याला थेट आर्क्टिकच वाटतं. काटेकोर माणसं म्हणतील, हे ६१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आर्क्टिक वर्तुळ अजून पाच अंश उत्तरेला. मान्य. खऱ्या आर्क्टिकमध्ये गाडी घालायची तर डाल्टन हायवे आहे, ४१४ मैल, त्यात कोल्डफूटच्या पुढे २४० मैल पेट्रोल नाही की पंक्चरवाला नाही. पण त्या रस्त्याच्या टोकाला हिमनदी नसून तेलाच्या विहिरी आहेत. खाली लिहिलेलं टायरचं शास्त्र तिथेही तसंच लागू पडतं. फक्त रेल्वेचे खिळे वगळा, ती मॅकार्थीची खासियत.

खिळे आले कुठून? हा रस्ता मुळात रेल्वेमार्ग आहे. केनेकॉटचं तांबं समुद्रापर्यंत न्यायला कॉर्डोव्हा बंदरापासून १९६ मैलांचा लोहमार्ग टाकला, तो १९११ साली पुरा झाला. नाव ‘कॉपर रिव्हर अँड नॉर्थवेस्टर्न’. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक चेष्टेनं ‘कान्ट रन अँड नेव्हर विल’ म्हणायचे, म्हणजे धावत नाही आणि धावणारही नाही. धावली मात्र सत्तावीस वर्षं. १९३८ च्या नोव्हेंबरात शेवटची गाडी निघाली आणि खाणीसकट सगळं बंद. नंतर रूळ उचलले, त्याच भरावावर मुरूम-खडी पसरली आणि रस्ता तयार. रूळ गेले, खिळे राहिले. थंडीत जमीन गोठून फुगते, उन्हाळ्यात बसते, आणि या उलाढालीत गाडलेलं लोखंड हळूहळू वर येतं. त्यात रस्ता सारखा करायला ग्रेडर फिरला की त्याचं पातं खिळे खरवडून वर काढतं. लोहमार्ग पुरा झाला तेव्हा शेवटचा खिळा तांब्याचा ठोकला होता. आम्हाला लागला तो साधा लोखंडी.

पहिलं भोक: चौकोनी

पहिल्या वर्षी मी, बायको आणि मित्राचं जोडपं. चाळिसाव्या मैलाच्या आसपास मागचं डावं चाक गेलं. गेलं हे कळलंच नाही, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. डांबरी रस्त्यावर चाक बसलं की स्टिअरिंग सांगतं. इथे रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, गाडी आधीच इतकी थरथरत असते की मागचं चाक बसलेलं ऐकूही येत नाही. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने दिवे मारून थांबवलं, तोवर टायरचा लगदा झाला होता.

टायरच्या नक्षीत, म्हणजे जो भाग जमिनीला टेकतो त्यात, खिळा अजून रुतलेला होता. रुळाचा खिळा कुणी पाहिला नसेल तर सांगतो: साधारण वीतभरापेक्षा थोडा कमी लांब, बोटाएवढा जाड, गोल नाही तर चौकोनी, आणि टोक छिन्नीसारखं. त्याचं भोक बघून शंका राहत नाही.

मागचंच चाक का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता. रस्त्यावर आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाखाली आला की बहुतेक वेळा काही होत नाही, पण त्या चाकाच्या धक्क्याने तो उडतो, उभा राहतो, आणि नेमका त्याच क्षणी मागचं चाक त्यावर येतं. म्हणून खिळ्याचं पंक्चर जास्त करून मागे. पुढचं चाक गेलं असेल तर आधी दुसऱ्या कारणाचा संशय घ्यावा. हे तेव्हा माहीत असतं तर दुसऱ्या वर्षीचं निदान मी चुकलो नसतो.

या भोकावर उपाय काय? खरं सांगायचं तर वाटेत काहीच नाही. ट्यूबलेस टायरमध्ये चिकट दोरी खुपसून भोक बुजवायचं किट मिळतं, मी ते नेलंही होतं. पण ते नक्षीतल्या लहान भोकासाठी, जास्तीत जास्त सहा मिलिमीटर. रुळाच्या खिळ्याचं भोक त्याच्या दुपटीहून मोठं. तीन-तीन दोऱ्या एकदम खुपसून बघितल्या, शिट्टी वाजत राहिली. इथे स्टेपनी हाच उपाय, आणि आमची स्टेपनी म्हणजे ते सडपातळ, तात्पुरतं चाक, डिकीत जागा वाचावी म्हणून कंपन्या देतात ते.

त्या बारीक चाकावर आम्ही पुढे वीस मैल गेलो आणि परत येताना साठ. हिमनदी बघितली, पण बघताना माझं अर्धं लक्ष गाडीकडे होतं. आता दुसरं पंक्चर झालं तर? दुसरी स्टेपनी नाही, मोबाईलला रेंज नाही. शिवाय चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक चाक लहान असलं की आतल्या गिअरवर सतत ताण येतो. ही चाकं थोड्या अंतरासाठी असतात, शंभर-दीडशे किलोमीटर खडीसाठी नव्हे. ग्लेनालेनला पोहोचून जुना टायर विकत घेतला तेव्हा जीवात जीव आला.

घरी येऊन पहिलं काम केलं ते पूर्ण आकाराची स्टेपनी घेण्याचं, तसल्याच रिमवर, तसलाच टायर. डिकीतली अर्धी जागा गेली. बायको म्हणाली, सामान कुठे ठेवायचं? ठेवलं छतावर. या एका बदलाने जेवढी चिंता गेली तेवढी बाकीच्या सगळ्या उपायांनी मिळून गेली नाही.

दुसरं भोक: दोन चिरा

दुसऱ्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त. निघण्याआधी ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, “टायरला हवा कमी वाटतेय.” मी म्हटलं, “बाबा, खडीवर कमीच ठेवायची असते. टायर मऊ राहतो, दगडावर बसतो, टोचत नाही.” हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि ते अगदीच खोटं नाही. गाडीच्या दारावर ३३ पौंड लिहिलं होतं, मी २२ ठेवली होती. बाबा गप्प बसले. ते गप्प बसले की काय समजायचं, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

सतराव्या मैलावर कुस्कुलाना नदीचा पूल लागतो. १९१० साली रेल्वेसाठी बांधलेला, एकच गाडी जाईल एवढा रुंद, आणि खाली नदी ७० मीटरहून जास्त खोल. कठडे लावले ते १९८८ साली. त्याआधी लोक हा पूल कसे ओलांडत असतील देव जाणे. आईने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. मीही जीव मुठीत धरून तो ओलांडला आणि पलीकडे गेल्यावर सुटल्यासारखा वेग वाढवला. पाट्या ३५ मैलांच्या, माझा काटा ४५ वर. चार-पाच मैलांत एक खड्डा आला, ‘धप्प’ झालं, आणि पुढचं उजवं चाक बसलं.

“खिळा!” मी खाली उतरायच्या आतच जाहीर केलं.

बाबा उतरले, चाकाशी उकिडवे बसले आणि बोट फिरवत राहिले. मग मला बोलावलं. टायरच्या बगलेवर, रिमच्या जवळ, दोन बारीक चिरा होत्या. एकमेकींना समांतर, साप चावल्यासारख्या.

“खिळा दोन भोकं पाडतो का रे? तेही बगलेत?”

मी काही बोललो नाही.

“हवा किती होती?”

“बावीस.”

“माणसं?”

“चार.”

“आणि छतावर ते सामान. बरं, पळवत किती होतास?”

नंतर त्यांनी समजावलं ते असं: हवा कमी, वजन जास्त आणि वेगही जास्त असला की खड्ड्याच्या कडेवर टायर इतका दबतो की रिमची धार आणि दगडाची धार यांच्यामध्ये रबर चिमटीत सापडतं. अडकित्त्यात सुपारी सापडावी तसं. चिमटा रबराच्या दुमडीवर बसतो, म्हणून कट दोन. खिळ्याचा यात काडीइतकाही संबंध नाही. आणि बगलेतला कट कुठेच दुरुस्त होत नाही, ना दोरीने ना पॅचने. तो टायर गेला.

म्हणजे खिळ्यापासून वाचायला मी जो उपाय केला, त्यानेच दुसरं पंक्चर झालं.

हवा कमी करण्यात तथ्य आहे, हे मी अजूनही म्हणतो. थोड्या मऊ टायरची पकड चांगली बसते, हाडं कमी खिळखिळी होतात, धारदार खडीवर टायर फाटण्याऐवजी वाकतो. पण ‘थोड्या’ म्हणजे किती, हे वजनावर ठरतं. आता माझा हिशोब असा: दोघंच असलो, सामान हलकं असलं, तर दारावरच्या आकड्यापेक्षा तीन पौंड कमी. गाडी भरलेली असली तर एक पौंडही कमी करत नाही. आणि हवा कमी केली असेल तर वेग ३० मैल, म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास. परत डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा पूर्ण भरायची, नाहीतर हायवेच्या वेगात मऊ टायर तापतो. त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ ठेवतो.

बाबांचाही आग्रह सांगायला हवा, नाहीतर ते सर्वज्ञ वाटतील. परतीच्या वाटेवर त्यांनी हट्टाने ४० पौंड हवा भरायला लावली, एसटीची सवय. गाडी त्या पन्हाळी लाटांवर चेंडूसारखी उडायला लागली आणि एका वळणावर मागचा भाग सरकला. पंधरा मैलांनी तेच म्हणाले, “कर बाबा कमी.”

खडीवर चाक बदलताना

हे घरी वाचायला सोपं वाटतं. तिथे मऊ मुरुमात जॅक खाली जातो आणि गाडी वर येत नाही. एक फूटभर लांबीची जाड फळी सोबत ठेवा, जॅकखाली ठेवायला. उलट बाजूच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. गाडी उचलण्याआधीच नट सैल करा, कारण हवेत चाक फिरतं आणि माणूस घसरतो. वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी थांबू नका, चाक बसलेलं असलं तरी हळूहळू सपाट जागी जा. टायर तसाही गेलेला आहे, रिम वाचली तरी पुरे. गंजलेली रिम अडकून बसली तर टाचेने बगलेवर लाथ घाला. आणि जुलैत डासांपासून जाळीची टोपी. थट्टा नाही, दोन्ही हात पान्यावर असताना डास हाकलता येत नाहीत.

चाक लावल्यावर पन्नास-साठ मैलांनी नट पुन्हा एकदा आवळायचे. या रस्त्यावरची थरथर नट सैल करते. खडीच्या रस्त्यावर त्या लाटा मुळात चाकांमुळेच तयार होतात. ठरावीक वेगापुढे चाक किंचित उडायला लागतं, उडून जिथे पडतं तिथे खळगा होतो, पुढचं चाक तिथेच पडतं. म्हणजे आपल्या आधी गेलेल्या प्रत्येक घाईवाल्याने आपल्यासाठी एक लाट मागे ठेवलेली असते. ग्रेडर येतो, सपाट करतो, आठवड्याभरात पुन्हा तेच.

तिसरं: भोकच नाही

तिसऱ्या वर्षी मी पूर्ण तयारीत होतो. जाड बगलेचे, हलक्या ट्रकसाठी असतात ते टायर घातले, हवा दारावरच्या आकड्याइतकी, वेग तिशीत. गिलाहिनाचा जुना लाकडी रेल्वेपूल दिसतो तिथे थांबून फोटो काढले. (हा सांगाडा १९११ च्या ऐन जानेवारीत आठ दिवसांत उभा केला होता. आता तो वाकलाय, त्याच्यावर चढू नका.) हिमनदी बघून पंक्चरशिवाय परत आलो. पेढे वाटायचंच बाकी होतं.

अँकरेजला आल्यावर दोन दिवसांनी मागच्या उजव्या चाकात सहा पौंड हवा कमी. भरली. परत दोन दिवसांनी तेच. टायरवाल्याकडे नेली, त्याने पाण्यात बुडवून बघितलं म्हणे, काही सापडलं नाही. पुन्हा नेली, पुन्हा काही नाही. मी मनाशी ठरवूनच टाकलं, बारीक खिळा असणार, दिसत नसेल.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ, आमच्याकडे आदल्या रात्रीचे आठ. ते चहा पीत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितलीस?”

कुठल्याही पंक्चरवाल्याकडे दिसणारी ही गोष्ट मी विसरलो होतो. लावली. थुंकीचा फुगा हळूच वर आला, फुटला, परत आला. हवा व्हॉल्व्हच्या तोंडातूनच जात होती.

कारण? मीच. आधीच्या दोन वर्षांच्या भीतीने मी दर थांब्यावर चारही चाकांची हवा मोजत होतो. टोपणं काढायची, मोजायचं, पुन्हा लावायची, याचा कंटाळा आला म्हणून टोपणं खिशात टाकली, आणि दोन हरवली. तो रस्ता म्हणजे धूळ. हिमनदीने दगड दळून केलेली पिठासारखी राखाडी माती तिथे सगळीकडे आहे, नदीच्या पाण्यालाही तिचाच रंग. ती व्हॉल्व्हच्या तोंडात साठली, आणि मी गेज दाबलं की दर वेळी थोडी आत ढकलली गेली. आतल्या बारीक पिनेच्या रबरी सीलवर एक कण बसला तरी ती नीट बंद होत नाही. जितकी काळजीने हवा मोजली तितकी ती गळायला मदत केली.

पिन बदलायला पाच मिनिटं लागली. पिन काढायचं छोटं हत्यार आणि चार पिना आता किटमध्ये असतात, एकूण खर्च एका कॉफीएवढा. टोपणं आता धातूची, आत रबरी चकती असलेली, आणि मोजण्याआधी व्हॉल्व्हचं तोंड पुसून घेतो. सारखं मोजण्याऐवजी दर पंधरा-वीस मैलांना थांबून टायरला हात लावतो. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर ते हवा सोडतंय. तेवढंच चाक मोजायचं.

हवेचा दिवा लागला, पण चाक ठीक आहे

याचे किस्से चिट्नाच्या पुढे वाटेत भेटणारे लोक सांगतात, आणि घाबरून परत फिरलेलेही मी पाहिले आहेत. अमेरिकेतल्या गाड्यांत हवा ठरलेल्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाने घसरली की पिवळा दिवा लागतो. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण एक पौंड उतरते. अँकरेजला दुपारी वीस अंशांत तुम्ही २७ पौंड भरून निघालात, तंबूत रात्र काढली, पहाटे पाच अंश, तर हवा २४ च्या आसपास येते आणि ३३ च्या गाडीत दिवा पेटतो. चारही चाकं सारखीच उतरली असतील तर हा थंडीचा परिणाम. एकच उतरलं असेल तर शोधाशोध करा. हवा भरायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना.

चाकोरी

आता खिळ्याबद्दल, कारण शेवटी तो आहेच. आपल्याकडे ‘चाकोरीबाहेरचा’ हे कौतुकाने म्हणतात. या रस्त्यावर चाकोरी सोडू नका. आधीच्या गाड्यांनी जिथून चाकं नेली आहेत त्या पट्ट्यांतून खडी बाजूला सरकलेली असते आणि तिथले खिळे आधीच्या कुणाच्या तरी टायरमध्ये घुसून गेलेले असतात. मधला उंचवटा आणि कडेचा ढीग, इथे सगळा धारदार माल साठतो. समोरून गाडी आली की आपण घाबरून कडेला घेतो, आणि तिथेच लागतो. थांबूनच हळू कडेला घ्या, वेगात नको. थांबल्याने समोरच्याच्या चाकाने उडवलेल्या दगडापासून काचही वाचते.

ग्रेडर नुकताच फिरला असेल तर रस्ता फार सुंदर दिसतो. तो सगळ्यात वाईट दिवस समजा. चाकोरी पुसलेली असते आणि खिळे नुकतेच वर आलेले असतात. त्या दिवशी २५ मैलांच्या वर जाऊ नका.

गाडी भाड्याची असेल तर आधी कराराचा कागद वाचा. बऱ्याच कंपन्या खडीच्या रस्त्यांना बंदी घालतात, काहींत या रस्त्याचं नावच लिहिलेलं असतं, आणि मग विमा लागू होत नाही. परवानगी देणाऱ्याही आहेत, पण ‘चालेल हो’ एवढ्यावर निघू नका, लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना डिकीचा तळ उचलून स्टेपनी स्वतः बघा. हल्ली कित्येक गाड्यांत स्टेपनीच नसते, फेस भरायची एक बाटली असते. ती चौकोनी भोकावर आणि बगलेतल्या चिरेवर सारखीच निरुपयोगी. नटांना कुलूप असेल तर त्याची किल्ली आहे का तेही बघा. स्टेपनी मिळत नसेल तर गाडीचा हट्ट सोडा, मॅकार्थीला धावपट्टी आहे, छोटी विमानं जातात. पेट्रोल ग्लेनालेनलाच पूर्ण भरून घ्या.

चौथ्या वर्षी काहीच झालं नाही. पाचव्या वर्षी एक बारीक खिळा, नक्षीच्या मधोमध, गोल भोक, आणि ती चिकट दोरी अखेर पहिल्यांदा कामी आली. दहा मिनिटांत पुढे निघालो.

एक गोष्ट राहिली. गाडी पुलाच्या अलीकडे लावली की सगळ्यांची हिमनदीकडे धावायची घाई असते. आधीच सांगतो, खाणीवरून जे समोर दिसतं ते बघून निराश होऊ नका. आई तिथे उभी राहून म्हणाली होती, “हिमनदी कुठाय? हे तर खाणीने काढलेले मातीचे ढीग आहेत.” ते ढीग म्हणजेच केनिकॉट हिमनदी, स्वतःच आणलेल्या दगडमातीखाली झाकलेली. पांढरं-निळं बर्फ बघायला रूट हिमनदीपर्यंत चालावं लागतं, आणि जाऊन-येऊन दिवस मोडतो. म्हणून पुलाकडे वळण्याआधी इंजिन बंद करा, पोरांना दोन मिनिटं गप्प करा आणि चारही चाकांशी कान लावून फेरी मारा. शिट्टी ऐकू आली तर चाक आत्ताच बदला. रात्री आठला पाय गळून परत याल तेव्हा ते रिमवर बसलेलं असेल आणि जॅक लावायला खाली जागाच नसेल. शिट्टी नसेल तर टोपणं घट्ट करा, किल्ली खिशात टाका आणि पूल ओलांडा.